पाय वाजतोय तोवर

रफिकभाऊ कधी फोन करत नाहीत. त्यांना काही सांगायचं असलं की ते मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून निरोप धाडतात, तोही अर्धा, आणि उरलेला ऑफिसात आल्यावर पूर्ण करतात. म्हणून त्या रविवारी त्यांचा फोन वाजला तेव्हा मी धावत जाऊन तो उचलला. डाळीचा डबा हातात तसाच राहिला. ते म्हणाले, "ताई, विलास राह्यला नाही. दुपारी जेवून झोपला, अन् उठलाच नाही." अशा वेळी माणसं "अरे देवा" म्हणतात, रडतात. माझ्या तोंडून निघालं, "बाजूला कोण होतं?" रफिकभाऊ म्हणाले, "आई होती, बाजूच्या खोलीत. काहीच आवाज नाही आला म्हणते." मी फोन बंद केला आणि डाळीचा डबा परत फळीवर ठेवला. हाच प्रश्न मी का विचारला, ते रफिकभाऊंना कळलं होतं आणि मला कळलं होतं. आता सांगायला हरकत नाही.

यवतमाळात बसस्टँडच्या अंगाला, एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचा हॉल आहे. तीन टेबलं, तीन धंदे आणि एक माठ. मी कोर्टाच्या आणि कंपन्यांच्या कागदांची भाषांतरं करते. रफिकभाऊंचे वडील हातानं दुकानांच्या पाट्या रंगवायचे, भाऊ आता कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स बनवतात. विलास घरांचे नकाशे काढायचा. सुरुवातीला गाण्यांवरून आमची रोज धुसफूस व्हायची. भाऊंना कव्वाली मोठ्यानं लागायची, मला सकाळी अभंग, आणि दोन्ही एकाच वेळी सुरू झाले की विलास दोन्ही हात जोडून जिन्यात जाऊन उभा राहायचा. शेवटी तह झाला. ज्यानं त्यानं आपापलं गाणं आपल्या कानात ऐकायचं, आणि कुणाला बोलवायचं असेल तर हाक न मारता त्याचं टेबल वाजवायचं. हॉलमध्ये शांतता नांदू लागली, फक्त एक आवाज सोडून.

विलासचं टेबल माझ्या मागे होतं, त्याची पाठ माझ्या पाठीकडे. त्याच्याकडे कानभर बसणारे मोठे काळे हेडफोन होते, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेले. ते चढवले की त्याच्या उजव्या पायातली चप्पल लोखंडी टेबलाच्या पायावर वाजायला लागायची. आधी तो भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा, त्यामुळे ठेका एकदम पक्का. पण मी समोर साठ कलमांचा करारनामा घेऊन बसलेली, आणि मागून ही टकटक. आठवडाभर सोसलं, मग एक दिवस खुर्ची वळवून मी त्याला चांगलंच सुनावलं. त्यानं हेडफोन काढले, ऐकून घेतलं, रफिकभाऊ चहाला खाली उतरेपर्यंत गप्प राहिला. मग खुर्ची ओढून जवळ आला.

"ताई, मले फिट येते," तो म्हणाला. "गोळ्या चालू आहेत. पण कधीतरी येतेच. जागरण झालं की हमखास येते, म्हणून भजन सोडलं. तुम्ही माह्याकडं पाठ करून बसता, अन् मी पडलो तं आवाज येईनच असं नाही. हा पाय वाजून राह्यला तोवर मी ठीक आहो. थांबला तं मागं पाह्यजा. एवढंच."

मलाच का सांगतोस, असं मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. केळापूरकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, यानं स्वतः जाऊन आजाराचं सांगितलं आणि ते मोडलं. त्यानंतर गावभर जी कुजबुज झाली, तिचा त्याला वीट आला होता. आता ज्याला सांगितल्याशिवाय चालणारच नाही, त्यालाच तो सांगायचा. आणि त्यानं निवडली कोण, तर मी! कुकरची शिट्टी व्हायच्या आधी स्वयंपाकघर सोडणारी बाई. पाल दिसली तर दुसऱ्या दिवशीही त्या खोलीत न जाणारी. आमचे हे तर म्हणाले असते, राखणीला ससा ठेवला. पण ह्यांना मी सांगितलंच नाही, विलासनं मनाई केली होती.

त्या दिवसापासून मी कानात काही घातलं नाही. अभंग बंद. हात कीबोर्डवर आणि जीव मागच्या टेबलाच्या पायापाशी. टकटक चालू असली की भाषांतर भराभर व्हायचं. पण एक गाणं संपून दुसरं सुरू होताना मध्ये जी फट राहते ना... ती फार वाईट. गाणं ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही. मी मात्र बोटं उचलून, श्वास धरून बसलेली असायची. मागे वळून बघायची हिंमत नाही आणि न बघता राहवत नाही. मग पुन्हा टक् झालं की मी सुटायची. एकदा मी त्याला म्हणालेही, मधल्या वेळात पाय थांबवू नकोस रे बाबा, तुझ्याआधी मीच जाईन. तो खूप हसला.

आणि एकदा ती फट भरलीच नाही. थंडीचे दिवस होते, हॉलमध्ये रफिकभाऊंकडे पत्रिका छापायला आलेलं एक गिऱ्हाईक होतं. पाय थांबला. मी पुढच्या गाण्याची वाट पाहिली. गाणं येईना. वळले, तर विलास कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून बसलेला, एक हात छातीशी आवळलेला, आणि मग तो खुर्चीवरून घसरला. ते गिऱ्हाईक भला माणूस होता, पण त्यानं लगेच पायातली चप्पल काढली आणि हुंगवायला विलासच्या नाकाशी नेली. मी ती त्याच्या हातातून हिसकली आणि जिन्यातून खाली भिरकावली. आजवर मी एखाद्या ऑटोवाल्याशीही चढ्या आवाजात बोललेली नाही. विलासनं शिकवलं होतं तसं त्याला कुशीवर केलं, माझी शाल डोक्याखाली सारली, तोंडात काही घालू दिलं नाही. आणि मग काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं. ते बसणं मला अजून स्वप्नात दिसतं. रफिकभाऊ बाजूला उकिडवे बसून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते. हळूहळू विलासचं अंग सैल झालं, डोळे उघडले, ओळख पटली. भाऊंना त्या दिवशी कळलं ते कायमचं, पण तेही कुणाला बोलले नाहीत. पुढे कितीतरी दिवस विलास मला चप्पलवाली ताई म्हणायचा.

यंदा होळीच्या सुमारास एक फरक पडला. मधल्या फटी बंद झाल्या. सकाळी हेडफोन चढवले की जेवायच्या सुट्टीपर्यंत टकटक अखंड चालू. मला तर सुख लागलं. मी चिडवलंही, कुठलं हे गाणं, संपतच नाही? तो म्हणाला, "भजन आहे ताई, लंबं राह्यते." मी विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत मी निवांतपणे काम केलं असेल तर ते या काही महिन्यांत. अधूनमधून तर मी त्याला विसरूनही जायची. माझ्यासारख्या बाईला हे केवढं होतं ते मलाच माहीत.

तेराव्यानंतर मी आणि रफिकभाऊ लोहाऱ्याला त्याच्या घरी गेलो. आईंनी त्याची खोली दाखवली. पलंग, खिडकी, गोळ्यांचा डबा, भिंतीला टांगलेली खंजिरी. दार कायम उघडं असायचं, त्याला कडी नव्हतीच, त्यांनीच काढून टाकली होती. तो पालथा झोपलेला होता. त्या चहासाठी उठवायला गेल्या... "मी या भिंतीच्या इकडंच होती," त्या म्हणाल्या. "कान लावूनच राहत होती मी. काहून नाही आलं बाई मले ऐकू?" झोपलेल्या माणसाचा पाय वाजत नाही. आम्ही सगळे जागेपणी त्याच्यावर कान लावून होतो, आणि ती मेली फिट नेमकी झोपेत आली. निघताना त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले, म्हणाल्या, ऑफिसातलं आहे, ऑफिसात राहू द्या.

तेव्हापासून मला घरातही भीती वाटते. हे दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपतात, तर मी पेपर हलतोय का ते बघत दारात उभी राहते. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलीला फोनवर रोज बजावते, ऑफिसात एक कान मोकळा ठेव. तिला वाटतं आई गाडीघोड्याचं सांगतेय. कुठलाही आवाज थांबला, मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचा टीव्ही, की माझी मान आपोआप मागे वळते.

परवा धीर करून ते हेडफोन मी माझ्या कॉम्प्युटरला जोडले. तो काय ऐकायचा ते आपणही ऐकावं, एखादं भजन लावावं, असं मनात होतं. भजन लावलं. डाव्या कानात काही नाही. उजव्यात काही नाही. वायर हलवून पाहिली, दुसरीकडे लावून पाहिली. रफिकभाऊ पत्रिकेचा कागद तपासत होते, ते तसेच खाली बघत म्हणाले, "ते होळीच्या आधीपासूनच बंद आहेत, ताई. मीच खोलून पाह्यले होते, आतून तार तुटली." मी म्हटलं, मग तो काय ऐकत होता? "काहीच नाही. मी म्हटलं, नवीन घे. घेतो म्हणे. पण ताईले सांगू नका म्हणे. पाय थांबला तं त्या दिवसभर मागंच पाहत बसतील. त्यायचं काम होत नाही."

म्हणजे इतके महिने कानांवर मुकी काळी टोपणं चढवून, डोळ्यांपुढे कुणाच्या तरी घराच्या भिंती आखत, तो नुसता पाय वाजवत होता. कारण मी भित्री. मी समजत होते की राखण मी करतेय. मला रडू आलं, आणि रडता रडता भीतीही वाटली, की आता ही एवढी भीती मी एकटीनं कुठे ठेवू?

त्याचं टेबल अजून तिथंच आहे. घरमालकानं दोनदा विचारलं, रफिकभाऊंनी दोनदा टाळलं. टेबलाच्या उजव्या पायाचा हिरवा रंग चप्पल लागून लागून उडालाय, आतलं लोखंड चकचकीत झालंय. काल दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, यूपीएस थोडा वेळ केकाटला आणि तोही बंद पडला. हॉल एकदम सुन्न. माझ्या पाठीमागून ती जुनी भीती वर चढत आली, मानेपर्यंत. मी खुर्ची मागे सरकवली, विलासच्या टेबलाकडे वळले आणि त्या चकचकीत जागेवर चप्पल टेकवली. टक्. पुन्हा टक्. ठेका मला येत नाही, वेडावाकडाच पडत होता. कुणासाठी वाजवतेय तेही कळत नव्हतं, पण थांबायची हिंमत होईना.

खिडकीकडून, मान वर न करता, रफिकभाऊ म्हणाले, "ऐकू येऊन राह्यलं, ताई."