समजातीय श्रेणी

"समजातीय म्हणजे काय? एका जातीचे!" सरांनी फळ्यावर मिथेन, इथेन, प्रोपेन लिहिलं आणि खडू माझ्याकडे रोखला. "ऊठ. तुझा आजा काय करायचा?"

अकरावी सायन्स, लातूर. पुस्तक इंग्रजीत, पण सर दहावीतला मराठी शब्द आधी सांगायचे. आजा मेलेली ढोरं ओढायचा. सरांना ते पक्कं ठाऊक होतं, ते लातूरजवळच्या आमच्या मुरुडकडचेच. मी उठून उभी राहिले.

"आजानं ढोरं ओढली, माय खडी फोडती, ही आली सायन्सला. दर पायरीला एक कार्बन वाढतो, दोन हायड्रोजन वाढतात. गुण? तेच! सवलतीनं जात बदलत नसती."

वर्ग खदाखदा हसला. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी मुलगीही हसली.

जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या, आणि नळ कोरडे. वसतिगृहावर टँकर आला की झुंबड उडायची. त्या झुंबडीतही माझ्या घागरीभोवती जागा सुटायची. दिवसच्या दिवस मी कुणाशी बोलत नव्हते. फार एकटं वाटायचं.

शनिवारी गावी गेले. माय दुष्काळी कामावर होती. तिला म्हणाले, "मला न्हाई जमत तितं. मी वापस येते."

मायचा हातोडा थांबला नाही. "वापस येऊन काय करणार हायस? खडी फोडायला मी हाय की. तू तितंच ऱ्हा."

जवळ घेईल असं वाटलं होतं. घेतलं नाही. रागारागात एसटीत बसले.

पुढचा धडा क्रियात्मक गटांचा. सर सांगत होते, मिथेनचा एक हायड्रोजन काढा, तिथं ओएच बसवा. झालं मिथेनॉल. आता श्रेणी अल्कोहोलची, गुणही वेगळे.

मी उठले.

"सर, बदलत नसतं म्हणलात. मग हे कसं बदललं?"

"बस खाली."

"न्हाई बसत. माझ्या आजानं ढोरं वढायचं सोडलं. बुद्धाला शरण गेला. त्यो तुमच्या श्रेणीत कुटं बसतो?"

कुणी हसलं नाही. माझ्या बाजूनं बोललंही कुणी नाही.

सर म्हणाले, "माफी मागितल्याशिवाय प्रॅक्टिकलला यायचं नाही."

खोलीतली मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलली. "माग ना गं. तोंडातल्या तोंडात म्हण. वर्ष बुडंल."

प्रॅक्टिकलच्या दिवशी शिपायानं माझ्यासमोर दार लावलं. आतून स्टोव्हचा, काचेचा आवाज येत होता. मी व्हरांड्यात उभी राहिले, तास सुटेपर्यंत. रडले. पुढच्या प्रॅक्टिकललाही जाऊन तशीच उभी राहिले.

वर्ष बुडू दे. पुन्हा बसेन, याच वर्गात, याच विषयाला. माफी मागायची आहे, पण ती सरांनी.