बबनभाऊ आणि माझा व्यवस्थितपणा

मळवलीच्या आमच्या बंगल्याची राखण करणाऱ्या बबनभाऊंना कुणी विचारले, "तुम्ही काय करता?" तर ते म्हणत, "भात." हातात आमच्या फाटकाची किल्ली असली तरी उत्तर तेच. ओढ्यापलीकडे त्यांची स्वतःच्या नावावरची दीड एकर जमीन होती.

नातवंडांनो, तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. तुमचे बाबा फोनवर विचारतात, असा माणूस तू जाऊ कसा दिलास? म्हणून हे लिहिते आहे.

माझ्या गुलाबांच्या सरळ रांगांमध्ये त्यांनी एकदा वांगी लावली. मी रागावले, तर म्हणाले, "बाई, ती जागा नुसती बसून पगार खात व्हती."

सरकार शेतकऱ्यांच्या खात्यात वर्षातून तीनदा हप्ता जमा करते. मेसेज इंग्रजीत येई, तो मी वाचून दाखवायचा. रकमेकडे त्यांचे लक्ष नसे. "किसान लिवलंय ना?" एवढेच विचारत आणि फोन खिशात टाकत.

मग हप्ते थांबले. दोन चुकल्यावर मी त्यांना घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. कारकुनाने संगणकात पाहिले.

"मॅडम, हे आयकर भरतात. यांना मिळत नाही."

बबनभाऊ हसले. "सायेब, माज्या घरावरची निम्मी कौलं उसनी हायेत."

कारकुनाने पडदा आमच्याकडे फिरवला. दरवर्षीचे आयकर विवरणपत्र, बबनभाऊंच्याच नावाचे. ते काम माझे होते. पगार देते तर कागद नीट हवेत, म्हणून मीच आमच्या हिशेबनिसाकडून ते भरून घेत असे. मी बोट ठेवीन तिथे बबनभाऊ सही करत. कराचा एक रुपयाही त्यांनी कधी भरला नव्हता, पण नाव करदात्यांत गेले होते.

मी अर्ज केला. हिशेबनिसाचे पत्र जोडले. पुन्हा गेले, पुन्हा जोडले. दर वेळी उत्तर एकच, "वरून आलंय, वरच दुरुस्त होईल." वर म्हणजे कुठे, असे मी चिडून विचारले, तर कारकुनाने पेन छताकडे केले. बबनभाऊंनी मान वर करून नीट पाहिले. "वर तर पंखाच हाय," ते म्हणाले.

मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. एका सकाळी त्यांनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

"पगार बंद करा बाई. पगार हाय तवर कागद निघत ऱ्हानार."

मी सांगितले, यापुढे विवरणपत्र भरणार नाही. शिवाय हप्त्यापेक्षा पगार कितीतरी जास्त आहे, हे वहीत मांडून दाखवले.

त्यांनी शांतपणे ऐकले. "तुमचा हिशोब बराबर हाय. पर त्यात मी वॉचमन हाय."

मी वही मिटली.

अर्ज अजून प्रलंबित आहे. मागच्या सोमवारी मी एकटीच गेले, तर कारकून म्हणाला, अर्जदार स्वतः समोर लागतो. मी शेजारच्या बंगल्यावर कामाला येणाऱ्या बाईंकडून बबनभाऊंना निरोप धाडला. संध्याकाळी त्या उत्तर घेऊन आल्या.

"ते म्हनले, लावणी चाललीया. मी शेतकरी हाय ह्ये सांगायला शेत टाकून कसा येऊ?"