डोळं आदी

सांगलीच्या टॉकीजचे बोर्ड तो रंगवायचा. दर गुरुवारी जुन्या नटावर पांढरा हात मारायचा आणि बिडी विझायच्या आत नव्याचे डोळे काढायचा. "डोळं आदी, गड्या. बाकीचा माणूस आपसूक येतो."

मी शिकलेला चित्रकार. त्याचं पोर्ट्रेट केलं ते नाक-कपाळ जेमतेम ओळखू येईल असं. डोळ्यांच्या जागी निळे पट्टे. साताऱ्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. मोठेपणाने मी चित्र त्यालाच दिलं. त्याने ते काखोटीला मारलं.

शुक्रवारी पाहतो, तर तिकीटखिडकीवर माझाच कॅनव्हास, त्यावर डोळे वटारलेला खलनायक. मी भडकलो.

ब्रश धूत तो म्हणाला, "कापड लय चांगलं हुतं. माणूस तेवढा न्हवता त्यात. सही ऱ्हाऊ दिलीया तुझी."