माझ्या नावावरचा लकवा

मला लकवा कधीच झालेला नाही. तरी कारखान्याच्या दवाखान्यातले जुने कागद अजून कुठे शिल्लक असतील, तर त्यांत माझ्या नावासमोर चेहऱ्याच्या उजव्या बाजूचा लकवा लिहिलेला सापडेल. आणि त्याच्याखाली, तीन आठवड्यांनी, 'पूर्ण बरा'. दोन्ही खोटं आहे. पहिलं खोटं भावासाठी बोललो, दुसरं माझ्यासाठी. पहिल्याबद्दल घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याबद्दल मी बायकोलाही अर्धंच सांगितलं होतं.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होती. मी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवत होतो, मरोद्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. धाकटा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. गोंदियाकडच्या आमच्या गावाहून आयटीआय करून काम शोधायला आला होता, आमच्याकडेच राहायचा. अंगकाठी इतकी सारखी की शेजारचे पाठमोरा पाहून त्याला माझ्या नावाने हाक मारत.

जानेवारीतली सकाळ होती. तो नळावर चूळ भरत होता, आणि पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर सांडत होतं.

"वहिनी, माह्या तोंडाले काय झालं पाहा बरं."

बायको हसली. तो गावातल्या म्हाताऱ्यांच्या नकला फार छान करायचा. "पुरे करा भाऊजी नाटकं, चहा थंडा होऊन राहिला."

"नाटक नाही वं वहिनी."

शब्द फाटके येत होते. मी त्याला उजेडात आणलं आणि डोळे मिटायला सांगितलं. डावा मिटला. उजवा उघडाच राहिला, नुसतं बुबुळ वर गेलं आणि पांढरं दिसलं. आमच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी तोंड, दुपारी हात, आणि चौथ्या दिवशी ते गेले. तो तेव्हा घरातच होता, त्यानंही पाहिलं होतं. म्हणूनच तो माझ्यासमोर उभा राहून उजवा हात वरखाली करत होता.

"हात चालते दादा. पाह्य, चालते."

त्यानंतर तासभर तो दर दोन मिनिटांनी हात वर करत राहिला.

शेजारची छत्तीसगढी बाई धावत आली. हवा लागली म्हणाली, गावचा बैगा, म्हणजे मांत्रिक, कबुतराचं रक्त चोळून तीन दिवसांत तोंड सरळ करतो म्हणाली. बायको अर्धी तयारही झाली होती. मी मात्र कपाटातून मेडिकल बुक काढलं.

हे पुस्तक म्हणजे पुठ्ठ्याची छोटी वही. तिच्यात कामगाराचं, बायकोचं, मुलांचं, आईवडिलांचं नाव. ते दाखवलं की तपासणी, औषध, सगळं. कमावत्या वयाच्या भावाचं नाव त्यात नसायचं. पण आमच्या वहीवर फोटोही नव्हता. आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कुणाची मेहुणी बायको होऊन तपासून आली होती, कुणाचा काका वडील होऊन. कुणी त्याला चोरी म्हणत नसे. दुर्गचा सरकारी दवाखाना सायकलने तासाभराच्या वाटेवर होता. तिथे तो स्वतःच्या नावाने गेला असता. पण ते माझ्या मनातही आलं नाही.

स्कूटरवर मी त्याला पढवत गेलो.

"नाव विचारलं तं माहं सांगजो. काम विचारलं तं क्रेन."

"अन् वय?"

"तीन वर्ष वाढव."

"तोंडावरून तं तीस वर्ष वाढले असतीन," तो मागून म्हणाला. मला हसू आलं नाही. मी मनात वडिलांचे दिवस मोजत होतो.

डॉक्टर वयस्क होते. त्यांनी गाल फुगवायला लावले, भुवया उचलायला लावल्या, कानामागे दाबून पाहिलं. मग म्हणाले, "डरो मत. दिमाग का नहीं है. चेहरे की एक नस सूजी है." बहुतेक लोक बरे होतात, पण गोळ्या आजपासून, डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, आणि रोज दवाखान्यात येऊन गालाला करंटचा शेक. मी बाजूला उभा होतो, त्याचा भाऊ म्हणून.

"काम क्या करते हो?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. "क्रेन चलाता हूँ साहब."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "एक आँख खुली रखके? किसी के सर पे लोहा गिराना है?" त्यांनी एक कागद लिहिला. डॉक्टर सांगेपर्यंत क्रेन बंद, आजपासून सिक, म्हणजे आजारपणाची रजा. त्याची एक प्रत परस्पर मिलमध्ये जाणार होती.

कागदावर नाव माझं होतं. त्या क्षणी तो आजार माझा झाला, आणि हे सकाळी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग ते विचित्र दिवस सुरू झाले. धडधाकट तोंडाचा मी घरात बसून. बाहेर पडलो तर ओळीतला कुणीही म्हणाला असता, तुझं तोंड तर सरळ आहे. आणि ज्याचा डोळा मिटत नव्हता, तो मफलर गुंडाळून, त्या थंड वाऱ्यात सायकलवर एकटा शेक घ्यायला जायचा. परत यायचा तेव्हा उजवा डोळा लालभडक असे आणि त्यातून पाणी वाहत असे. मी थेंब टाकायचो. तेवढंच करायचो.

पाचव्या-सहाव्या दिवशी फाटकात मिलमधल्या दोघांचे आवाज आले. माझ्या शिफ्टचे, भेटायला आले होते. मी घाईघाईने मफलर बांधला आणि तोंड वाकडं केलं.

"दादा, उजवं," भाऊ कुजबुजला. "तू डावं करून राहिला."

एवढं बोलून तो आतल्या खोलीत पडद्याआड गेला.

दोघं पेरू घेऊन आले होते. एक म्हणाला, "मफलर हटाओ, देखें तो." मी हटवला. "अरे बाप रे! भाभी, ये तो दिनभर आपको आँख मार रहे होंगे!" तिघंही हसलो, मी अर्ध्या तोंडाने. बायकोनं चहा आणला. मी घोट घेतला आणि उजव्या कोपऱ्यातून थोडा मुद्दाम सांडला. सांडताना नजर पडद्याकडे गेली. फटीतून एक डोळा माझ्याकडे पाहत होता.

जाताना दुसऱ्यानं आवाज खाली आणला. तो आमच्याच भागातला, भंडाऱ्याकडचा. "भाऊ, लवकर उभा राय बावा. तुही क्रेन दुसऱ्याले देऊन राहिले. मामला मेडिकल बोर्डात गेला तं खाली खलाशीत, हेल्परीत टाकतीन. एकदा खाली उतरवलं का कोणी वर नाही चढवत."

ते गेल्यावर भाऊ बाहेर आला. माझ्या शर्टावरचा डाग पाहत म्हणाला, "बरोबर केलं दादा. पण मी सांडू नाही देत. मी बशी धरतो खाली."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून माझी भीती बदलली. आधी मी सकाळी उठल्याबरोबर त्याला डोळे मिटायला सांगायचो, ते तो बरा व्हावा म्हणून. आता सांगायचो ते माझी क्रेन वाचावी म्हणून. भीती तेवढीच होती, मला तर जास्तच वाटायची. तो आरशासमोर बसून गालाला बोटं लावून 'ई', 'ऊ' करायचा, आणि मला त्याचा राग यायचा. इतका हळू कावून बरा होऊन राहिला हा? एकदा तो आनंदाने म्हणाला, "दादा, आज ओठ फडफडला थोडा!" मी म्हटलं, "डोळ्याचं सांग."

तिसऱ्या आठवड्यात त्याची पुन्हा तपासणी होती. डॉक्टर मागच्या वेळी म्हणाले होते, सुधारणा कमी असली तर बोर्डाला लिहावं लागेल. नेमके ते डॉक्टर त्या आठवड्यात सुटीवर आहेत, त्यांच्या जागी दुसरे बसतात, हे मला कळलं. मी दाढी केली, मेडिकल बुक खिशात टाकलं.

"आज तू थांब," भावाला म्हटलं. "मी विचारून येतो."

नव्या डॉक्टरांनी आधी कागद वाचले, मग माझा चेहरा पाहिला. गाल फुगवा. हसा. डोळे घट्ट मिटा. त्यांनी बोटांनी माझ्या पापण्या उघडायचा प्रयत्न केला, उघडल्या नाहीत. जुने डॉक्टर आत्ता दारातून येतील असं सारखं वाटत होतं.

"बढ़िया. किस्मतवाले हो," ते म्हणाले, आणि लिहिलं: फिट. शेक बंद.

घरी आलो तेव्हा तो स्वेटर, मफलर घालून तयार बसला होता, सायकलची किल्ली हातात.

"काय म्हणे डॉक्टर?"

"म्हणे, आता करंटची गरज नाही. आपोआप येते."

"मले न पाहताच?"

"कागद पाहून सांगितलं त्यायनं."

त्यानं मफलर सोडला आणि घडी घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी क्रेनवर चढलो.

चार-पाच महिन्यांत त्याचा चेहरा बराचसा परत आला आणि मग तिथेच थांबला. हसताना उजवा डोळा बारीक होतो, ओठ मागे राहतो. लग्न दोन ठिकाणी तोंड पाहून मोडलं, तिसऱ्या ठिकाणी झालं. वैशाली नगरला त्याचं घर आहे, एका वर्कशॉपमध्ये काम करतो. फोटोत डावी बाजू पुढे करून उभा राहतो. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की सगळे उपाय करूनही काही जणांचं असं राहतंच. त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली. पण मी त्याला नंतर दुर्गच्या दवाखान्यात तरी का नेलं नाही? तिथे जुने कागद मागितले असते, आणि कागद माझ्या नावाचे, बरा झाल्याचे होते. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. तुझ्या जागी मी तोंड दाखवून आलो होतो.

तो सायकलची साखळी पुसत होता. हात थांबला नाही.

"मले माहीत होतं दादा. तू दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला, तवा मी गेलो होतो शेक घ्यायले. तिथली बाई म्हणे, आप तो ठीक हो गए, कार्ड बंद है. माह्या तोंडाकडे पाहून म्हणे, आपका ही नाम है न?"

"मग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? नाही म्हटलं असतं तं तुही नोकरी गेली असती. हो म्हणणं जिवावर आलं. तसाच निघून आलो."

"मले कावून नाही सांगितलं इतके वर्ष?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिलो होतो. पहिले दोन-तीन साल. मग सोडून देल्लं."

आतून त्याच्या बायकोनं जेवायला हाक मारली. तो हात धुवायला उठला. मी बसून राहिलो. जेवायला माझं पानही मांडलं होतं, आणि आत जाऊन त्याच्यासमोर कसं बसावं ते मला कळत नव्हतं.