घट चाळ फोडल्यावर

तिसगावच्या ‘शिवारमाल’ कंपनीच्या ताळेबंदामागं हिशेबाची धोरणं जोडलेली असत. त्यातली एक ओळ जहिरानं स्वतः टाईप केली होती: ‘साठवलेल्या कांद्याची घट चाळ फोडल्यानंतर धरली जाईल.’

तेव्हा ती कंपनीत हिशेबाच्या कामाला नवी होती. पाथर्डीच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, लग्न होऊन तिसगावात आलेली. कंपनी म्हणजे गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांनी भाग घेऊन काढलेली. कांदा साठवायच्या, फटीफटीच्या भिंतींच्या चार चाळी, एक वजनकाटा आणि पत्र्याचं ऑफिस. अध्यक्ष पुंजाराम नाना. नगरहून सीए आले, म्हणाले, कंपनी म्हटली की हिशेब कसा धरायचा ते आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. विक्री झाली असं कधी म्हणायचं, काट्याची झीज कशी काढायची, मालाची किंमत कशी लावायची.

“आणि कांद्याची घट? सडून-सुकून जातो तो? ती कधी धरता?”

“चाळ फोडली की,” नाना म्हणाले. “त्याच्या आधी कसं कळनार साहेब? कांदा काय तोंडानं सांगतो व्हय, मी सडलो म्हनून?”

सगळे हसले. जहिरानं लिहून घेतलं.

ते खोटंही नव्हतं. भरलेल्या चाळीत इकडं मधेच कुणी हात घालत नाही. हाताळला की कांद्याचा पापुद्रा निघतो, मार लागतो. चाळ फोडायची, म्हणजे उघडून माल बाहेर काढायचा, तो विकायच्या दिवशी. त्यात कंपनीचा ताळेबंद निघायचा मार्चअखेरीस. तोवर मागचा कांदा विकून चाळी झाडून ठेवलेल्या असत आणि नवा कांदा अजून वावरात. रिकाम्या चाळीतली घट आधी धरली काय, नंतर धरली काय! ती ओळ दर वर्षी जशीच्या तशी पुढच्या ताळेबंदात उतरत गेली. कुणी ती वाचलीही नाही.

यंदा बँकेनं सप्टेंबरअखेरचा सहामाही ताळेबंद मागितला. तो बघूनच कंपनीचं कर्जखातं पुढं चालू ठेवायचं की नाही, ते ठरणार होतं. खातं बंद म्हणजे कंपनी बंद, हे ऑफिसातल्या पंख्यालाही माहीत होतं.

आणि सप्टेंबरअखेर चारही चाळी भरलेल्या होत्या.

भाव नाही म्हणून नानांनी एकही फोडू दिली नव्हती. दारांना कुलपं, कुलपांवर नानांच्या सहीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मग भाद्रपदात पाऊस लागला तो हटेना. आश्विन लागला तरी आभाळ उघडलं नाही. बाहेरून फटींतून बघितलं की कांदा लालसर, चकचकीत दिसायचा, कारण कडेच्या कांद्याला वारा लागत होता. पण तीन नंबरच्या चाळीजवळून जाताना जहिरा ओढणी नाकाला लावायची. चिलटं उठायची.

तिनं सीएंना फोन लावला. “सर, ती घटीची ओळ सहामाहीला बदलता येईल का?”

“वर्षाला जे धोरण, तेच सहामाहीला. बदललं तर का बदललं ते लिहावं लागेल ताई. अडचण काय आहे?”

“चाळी भरलेल्या आहेत.”

“मग चांगलंच आहे की. साठा दिसेल.”

“सर, वास येतोय.”

ते सावकाश म्हणाले, “हे बघा, मी नगरात बसून कांदा हुंगू शकत नाही. एवढा माल जागेवर आहे आणि चांगला आहे, असं तुम्ही आणि अध्यक्ष सहीनं लिहून देता. मी त्यावर जातो. शंका असेल तर फोडून बघा.”

जहिरा तशीच नानांच्या घरी गेली. नाना ओट्यावर बसून पायाला खोबरेल चोळत होते. त्यांची बायको छबूबाई शेंगा फोडत होती.

“नाना, तीन नंबर फोडू या. आजच.”

“बँकेचा साहेब गुरवारी येनार. कागद गेला की शुक्रवारी फोडू.”

“शुक्रवारपर्यंत राहील का काही?”

“आता फोडली तर घट धरावी लागंल ना? तूच लिवलंय.” नाना हसले, पण डोळे हसत नव्हते. “न्हाई फोडली तर न्हाई धरायची. साहेब बाहेरून बघंल, कांदा दिसंल, जाईल. चार दिसाचा खेळ हाय पोरी.”

“आत सडतोय नाना. वरचेवर फोडली असती तर निम्मा तरी...”

“तुला कुनी सांगितलं सडतोय? तू आत जाऊन आलीस?”

“तिला नाक हाय,” छबूबाई मान वर न करता म्हणाली. “तुमचं तंबाखूनं गेलंय.”

“तू शेंगा फोड. चाळी फोडू नको.”

जहिरा घरी आली. भाजीला कांदा घ्यायला टोपलीत हात घातला तर खालचा एक मऊ लागला. तिनं सगळी टोपली जमिनीवर पालथी केली, मऊ कांदा बाहेर टाकला, त्याला टेकलेले दोन पुसून वेगळे ठेवले. हे ती दर आठवड्याला करायची, सासूनं लावलेली सवय. आज ती त्या दोन कांद्यांकडं बघत तशीच बसून राहिली. घरात आपण टोपली पालथी करतो आणि तिकडं, पालथी करू नका, असं लिहून ठेवलंय. घट लिहायची नाही म्हणून चाळ फोडायची नाही. चाळ फोडायची नाही म्हणून कांदा मरतोय.

“काय झालं?” तिच्या नवऱ्यानं, मुजफ्फरनं विचारलं. तो कंपनीच्या टेम्पोवर होता. रिकामा न्यायचा आणि रिकामा आणायचा, असे दिवस चालले होते.

“गुरुवारी मला सही करायचीय, माल चांगला आहे म्हणून.”

“मग करू नको.”

“नाही केली तर खातं बंद होईल.”

“मग कर.”

“केली तर उरलेलंही सडेल.”

मुजफ्फर जोडे काढता काढता थांबला. “मग मला कशाला विचारतेस गं? मी टेम्पो चालवतो. मला दोनच गोष्टी कळतात, ब्रेक आणि क्लच.”

ती हसली नाही. त्यानं उठून टेम्पोच्या फाळक्याखालून लांब लोखंडी सळई काढून आणली आणि दाराशी उभी करून ठेवली.

सकाळी ती सळई घेऊन जहिरा चाळीवर गेली. नाना काट्याजवळ उभे होते, छबूबाई निवडणाऱ्या बायांसोबत रिकाम्या गोण्या झटकत होती. जहिरानं कुलपाला हात लावला नाही. फटीतून सळई आत घातली आणि रेटली. कडेचे कांदे करकरले. मग सळई अचानक सैल झाली, जशी चिखलात जावी तशी. हात फटीला टेकेपर्यंत गेली.

ती बाहेर ओढली तेव्हा टोकापासून हातभर काळं पाणी ओघळत होतं.

नानांनी सळई हातात घेतली. नाकाजवळ नेली आणि तोंड फिरवलं. खिशातून किल्ल्या काढून त्यांनी छबूबाईच्या हातात दिल्या. स्वतः दार उघडलं नाही.

तीन नंबरमधून जे निघालं ते फावड्यानं ओढावं लागलं. दोन नंबर आणि चार नंबरही तसेच. काळी बुरशी, मोड, पाणी. बाया तोंडाला पदर बांधून बसल्या आणि कडेचा कांदा निवडत राहिल्या. एक नंबर उंचावर होता, वारा खात होता. त्यातला निम्मा वाचला. मुजफ्फरचा टेम्पो नगरला दोन खेपा करून आला. दहा दिवस आधी फोडल्या असत्या तर दोन आणि चारमधलाही बराच वाचला असता, असं बाया म्हणत होत्या. जहिरा त्यांच्यातच बसून निवडत होती. तिला ऐकू येत होतं.

सहामाही ताळेबंद तिनं नव्यानं केला. साठ्यापुढं उरलेल्याच मालाची किंमत. तोट्यापुढं बाकी सगळं. धोरणांतली जुनी ओळ काढली आणि का काढली ते खाली लिहिलं.

गुरुवारी साहेब आले, रिकाम्या चाळी बघितल्या, कागद चाळले. “मॅडम, असं स्वच्छ लिहून देणारे कमी असतात,” म्हणाले. आठवड्यानं खातं थांबवल्याचं पत्र आलं.

गावात कुणी पावसाला बोललं नाही, नानांना तर नाहीच. जहिरानं लिहिलं त्या दिवशी कांदा सडला, त्याआधी सगळं ठीक होतं, असं लोक म्हणू लागले. “चार दिस कळ काढली असती तर खातं राहिलं असतं,” किराणा दुकानात एक जण तिच्या तोंडावर म्हणाला. तिनं साखर घेतली आणि आली. त्याचं पूर्ण चूक होतं असंही तिला म्हणता येईना. खातं कदाचित राहिलं असतं. सहा महिने, वर्षभर. सडलेल्या कांद्यावर.

सीएंनी एक प्रत अध्यक्षांच्या सहीसाठी मागितली होती. तेवढी राहिली होती. जहिरा ऑफिसात गेली तेव्हा नाना एकटेच बसले होते. पंखा बंद, वीज तोडलेली. तिनं कागद पुढं ठेवला. नानांनी चष्मा लावून नवी ओळ मोठ्यानं वाचली, अडखळत:

“साठवलेला कांदा दर पंधरवड्याला चाळ उघडून तपासला जाईल व घट त्याच वेळी धरली जाईल.”

“बरोबर आहे ना नाना?”

“लई बरोबर हाय.” नानांनी खिडकीतून बाहेर बघितलं. चाळींची दारं सताड उघडी होती, आत कुणाची तरी शेरडं बसली होती. “आता कंची चाळ उघडायची?”

जहिरानं पेनचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. नानांनी सही केली, पूर्ण नाव, खाली अध्यक्ष म्हणून. मग पेन परत देताना त्यांनी तिचा हात आपल्या नाकाशी नेला आणि सोडून दिला.

“अजून वास जात न्हाई का गं?”

“नाही नाना.”

“माझ्या हाताचाबी न्हाई,” ते म्हणाले.