पत्र्याखालची ठकठक

बाबा पत्र्यावर चढले की माझा जीव टांगणीला लागतो. लहानपणापासून लागतोय. ठाण्याच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात माझं माहेर. दुमजली घराच्या मागच्या भिंतीला टेकून स्वयंपाकघर आहे, त्यावर सिमेंटचे जुनाट पत्रे. पत्रा भिंतीला भिडतो तो सांधा बाबा दर पावसाळ्याआधी स्वतः बुजवतात. होडीचं डांबर तापवायचं, फाटक्या जाळ्याची पट्टी त्यात बुडवायची आणि सांध्यावर थापायची. दुकानातलं केमिकल एकदा आणलेलं, ते एका पावसात सोलून निघालं. तेव्हापासून बाबा कुणाचं ऐकतील तर शपथ!

हा सिमेंटचा पत्रा दिसतो भक्कम, पण मेला काचेसारखा फुटतो. पाय टाकायचा तो खालच्या वाशावरच. वासा कुठे ते खिळ्यांवरून कळतं, आणि आमचे खिळे तर कधीच डांबराखाली गेलेत.

आई गेल्यानंतरचा हा पहिलाच मे. "या वेळी माणूस बोलवू," असं मी सकाळीच बजावलेलं. कपडे वाळत घालून आले तर शिडी लागलेली आणि बाबा पत्र्याच्या मधोमध.

"बाबा, खाली या! आत्ताच्या आत्ता!"

त्यांना ऐकू कमीच येतं. त्यांनी काठीने पत्र्यावर दोनदा ठोकलं आणि थांबले. परत ठोकलं, परत थांबले. पुढे नाही, मागे नाही. चक्कर आली की काय? वर चढावं तर माझ्या वजनाने पत्रा बसेल.

खाली गाद्या तरी अंथरू म्हणून स्वयंपाकघरात धावले. डोक्यावर पत्रा करकरत होता. पुन्हा ठक ठक. आणि कोपऱ्यात मला आईचा बांबू दिसला. डांबराच्या दिवशी ती तो घेऊन इथे फिरायची, मला वाटायचं जळमटं काढतेय. वर पाहिलं तर वाशावाशाला बांबूच्या टोकाचे खळगे पडलेले. बाबा वरून काठीने ठोकून विचारायचे, आई वाशाला ठोकून जागा सांगायची. कानाला नाही, त्यांच्या तळपायाला कळायचं. आणि ते अजून तिच्या उत्तरासाठी थांबलेले.

मी बांबू उचलला. पहिला ठोका हुकला. देवा रे! दुसरा त्यांच्या मागच्या वाशावर बसला, शिडीच्या बाजूला. बाबांनी जरा वेळ घेतला, मग उलटं पाऊल तिथे आलं. पत्रा टिकला. मग त्याच्या मागचा वासा. असं एकेका वाशावरून मी त्यांना शिडीपर्यंत आणलं आणि बाहेर पळाले.

बाबा शिडीच्या खालच्या पायरीवर बसलेले, घामाने निथळत.

"सांधा तसाच राहिला," ते म्हणाले. "मागे बोलावलं तिने. असं कधी करत नाही ती."

मग त्यांना माझ्या हातातला बांबू दिसला.