कॅमेरा वहिनींवरच राहू दे

मागच्या वर्षी वहिनी गेल्या, तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी मी चुकीची लिहिली.

नाव बरोबर होतं. वय बरोबर. अंत्यविधीची वेळ बरोबर. लहानपणी पाठशाळेत संस्कृत घोकलेल्या आणि पुढे जन्मभर बातमीदारी केलेल्या माणसाचं ऱ्हस्व-दीर्घ तर चुकतच नाही.

बाकी सगळं चुकलं.

आज वर्षश्राद्ध झालं. म्हणून हे लिहितोय.

शैलजावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. दुसऱ्याच्या कामावर संशय घेणं ही त्यांची नोकरी होती.
घरी तेच काम हौसेने करायच्या.

दुधवाला, रिक्षाचं मीटर, माझं "वहिनी, पोहे अप्रतिम!"... सगळ्यांवर सारखाच संशय.

"भाऊजी, घास अजून हातात आहे तुमच्या. खाऊन मग बोला."

काही वर्षांपूर्वी केतकीने, माझ्या पुतणीने, सिनेमाची तिकिटं काढली. एक बाई उडते, ट्रक उचलते, जग वाचवते, असा इंग्लिश सिनेमा. दादाने गुडघ्याचं कारण सांगितलं. माझे गुडघे दुर्दैवाने ठणठणीत होते.

मला पहिल्यापासून संशय.

"मार्केटिंग आहे सगळं," मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्येच मी सुरू केलं. "पुरुष उडून उडून दमले, आता बाईला उडवतायत. आणि आपल्याकडे अठरा हातांची देवी असताना ही इम्पोर्टेड कशाला?"

वहिनींनी स्कूटर स्टँडवर लावली. तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडत शांतपणे विचारलं,
"देवीला शस्त्रं कुणी दिली हो, भाऊजी?"

"देवांनी. प्रत्येकाने एकेक."

"मग कामही त्यांचंच असणार."

याला शास्त्रात चोख उत्तर आहे. ते मला तेव्हा आठवलं नाही. अजूनही प्रयत्न चालू आहे.

पण संशयाच्या बाबतीत त्या माझ्याही पुढे होत्या.
"एवढ्या मारामारीत हिचे केस कसे सुटत नाहीत?"
"ती बिल्डिंग पाडली, त्यात लोक नव्हते का?"
पुढच्या रांगेतून दोनदा "शूऽऽ" आलं.

मग ती नायिका पडली. जोरात. धुळीत, तोंडावर.

आणि वहिनी गप्प झाल्या.

मी अंधारात वळून पाहिलं. डोळे भरलेले.

मला वाटलं, ॲसिडिटी.

सिनेमा सुटल्यावर कॉफी घेताना विचारलं, "रडलात?"

"रडले."

"ती जिंकली म्हणून?"

"जिंकणारच होती. पोस्टरवर तीच आहे."

"मग?"

वहिनींनी कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं सिनेमे बघतेय, भाऊजी. बाईला लागलं, की कॅमेरा लगेच नवऱ्याच्या तोंडावर जातो. नाहीतर भावाच्या. त्याला किती वाईट वाटलं, ते आपण बघायचं. पुढचा सिनेमा त्याचा. ही पडली तेव्हा मी वाटच बघत होते. आता जाईल, आता जाईल...

गेला नाही हो. ती उठेपर्यंत तिच्यावरच राहिला."

केतकी म्हणाली, "म्हणून आम्ही बघतो, काका. उडण्याचं काय, विमानंही उडतात."

मी हार मानणाऱ्यातला नाही. "दिग्दर्शकाच्या हे लक्षात तरी आलं असेल का?"

"नसेलही," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या भागात लग्न लावून देतील तिचं, बघा. पण आज चाललं ना? टेस्टरने तेवढंच बघायचं."

नंतर वहिनी आजारी पडल्या.

भेटायला येणारे कॉटपाशी दोन मिनिटं थांबायचे. मग कॉरिडॉरमध्ये दादाला घेरायचे. "तुम्ही जेवता ना? झोप लागते ना?" मीही त्यातलाच.

एकदा आतून बारीक आवाज आला.
"भाऊजी... कॅमेरा."

मी हसलो. मला विनोद वाटला.

त्या गेल्या, तेव्हा बातमी लिहायला मला दहा मिनिटं लागली. हाताला वळण होतं. 'त्यांच्या पश्चात पती, मुलगी, दीर असा परिवार आहे. निवृत्त बँक अधिकारी अमुक यांच्या त्या पत्नी, तर ज्येष्ठ बातमीदार तमुक यांच्या त्या वहिनी होत.'

तमुक म्हणजे मी. 'ज्येष्ठ' हे विशेषणही माझंच.

सकाळी केतकीने पेपर वाचला. घडी घालून माझ्यासमोर ठेवला.

"काका, गेली आई. नोकऱ्या छापून आल्या तुमच्या."

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

वहिनींच्या कामात एक नियम होता. चूक ज्याने नोंदवली, त्यानेच ती सुधारली का ते तपासून बंद करायची. दुरुस्त करणाऱ्याने नाही. "तो काय, 'झालं' म्हणतोच," असं त्या म्हणायच्या.

तर ही दुरुस्ती.

शैलजा गेल्या. त्या सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. कॉम्प्युटर नवीन होता तेव्हा कसब्यातून चालत बुधवार पेठेत क्लासला जाऊन शिकल्या. पुढे रोज हिंजवडीची बस. एकदा सगळी टीम "पाठवून द्या, चालतंय" म्हणत असताना एकट्या "नाही" म्हणाल्या. प्रमोशन गेलं. चूक मात्र त्या म्हणाल्या तिथेच निघाली. सिनेमात फार बोलायच्या.

कुणाच्या कोण होत्या, ते मुद्दाम लिहिलेलं नाही.

कमेंटमध्ये 'दादांना जपा' लिहू नका. दादा जेवतो, झोपतो, घोरतो. माझंही सांत्वन नको.
वहिनींचं काही आठवत असेल, तर ते लिहा.

केतकी, 'झालं' असं मी म्हणणार नाही. बंद करायचं की उघडंच ठेवायचं, ते तू ठरव.

वहिनी, श्रद्धांजली.
भावपूर्ण आहे की नाही, ते तुम्ही तपासालच.